आधी फोटो, मग सुई, मग चाकू

मा. संपादक,

स. न. वि. वि.

तुमच्या आरोग्य पुरवणीत मागच्या आठवड्यात अंगावरच्या गाठींबद्दल लेख आला होता, 'आता सुई न टोचताच कळणार गाठ साधी की कॅन्सरची' असा त्याचा मथळा होता. लेख तसा बरा होता, लिहिणाऱ्याने मेहनत घेतलेली दिसत होती, पण मथळ्याने सगळा घोळ केला, कारण दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे येणारे पेशंट एकच प्रश्न विचारतायत की डॉक्टर, एमआरआयमध्ये कळेलच ना सगळं, मग बायोप्सी कशाला? (बायोप्सी म्हणजे सुईने गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणं.) एकाने तर कात्रणच खिशातून काढून टेबलावर ठेवलं. म्हणून हे पत्र लिहायला घेतलं, आधीच सांगतो की लांबणार आहे.

मी रेडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे अंधाऱ्या खोलीत स्क्रीनसमोर बसलेला तो डॉक्टर ज्याची सही रिपोर्टखाली असते पण तोंड बऱ्याच पेशंटनी कधी बघितलेलं नसतं. वीसेक वर्षं हेच काम करतोय. हाडं सोडून बाकीच्या म्हणजे चरबी, स्नायू, नसा, रक्तवाहिन्या, सांध्याभोवतीचे पडदे यांच्यात ज्या गाठी येतात त्यांना आम्ही सॉफ्ट टिश्यूच्या गाठी म्हणतो, आणि खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त घाम याच गाठींनी फोडलाय.

का ते सांगतो. या गाठींमध्ये साध्या गाठींचं प्रमाण इतकं जास्त आहे की एका कॅन्सरच्या गाठीमागे निदान १०० साध्या गाठी असतात असं धरतात. मोठ्या माणसांच्या सगळ्या कॅन्सरमध्ये सार्कोमा, म्हणजे या जातीचा कॅन्सर, जेमतेम १ टक्का. ऐकायला ही चांगली बातमी वाटते आणि पेशंटसाठी आहेच, पण डॉक्टरसाठी हाच सापळा आहे. शंभर वेळा चरबीची गाठ बघितली की एकशे एकाव्या वेळी हात आपोआप 'चरबीची गाठ' असंच लिहितो, आणि ज्या डॉक्टरने आयुष्यात दोन-तीनच सार्कोमा बघितलेत त्याच्या डोक्यात तो शब्द येणारच कुठून. त्यात सार्कोमा हा काही एक आजार नाही, पन्नासाहून जास्त प्रकार आहेत त्याचे, प्रत्येकाचं वागणं वेगळं.

मग शंका घ्यायची कधी? मशीनच्या आधी चार साधे प्रश्न आहेत आणि ते कुणीही विचारू शकतं. गाठ ५ सेंटीमीटरपेक्षा मोठी आहे का, वाढतेय का, वरच्यावर हलते की आत खोल स्नायूत बसलीय, आणि आधी कधी काढली होती आणि तिथेच परत आलीय का. स्नायूंवर एक पांढरं घट्ट आवरण असतं, फॅशिया म्हणतात त्याला, त्याच्या वर असलेली छोटी गाठ बहुतेक वेळा निरुपद्रवी निघते आणि त्याच्या खाली असलेली गाठ निरुपद्रवी आहे हे आधी सिद्ध करावं लागतं, इतका फरक आहे. दुखण्यावर मात्र फार विसंबू नका. 'दुखत नाही ना, मग काही नाही' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता चिडचिड होते, कारण बरेचसे सार्कोमा सुरुवातीला अजिबात दुखत नाहीत, पेशंट महिनोन्महिने ती गाठ घेऊन मजेत फिरत असतो, आणि उलट नसेवरची साधी गाठ टिचकी मारली तरी झिणझिण्या आणते.

आता सोनोग्राफी. वरवरच्या गाठीसाठी पहिली तपासणी हीच आणि हीच असायला हवी. पोटाचीच सोनोग्राफी असते असं अनेकांना वाटतं पण चांगला प्रोब असेल तर कातडीखालचा एक एक पापुद्रा दिसतो त्यात. चरबीची गाठ, म्हणजे लायपोमा, कातडीला समांतर, चपटी, लांबुळकी, आत बारीक पांढऱ्या रेघा, डॉपलर लावला तर रक्तप्रवाह जवळपास नाही. मनगटावरचं गँगलियन ही पाण्याची गाठ, सोनोग्राफीत काळीभोर, आणि तिची दांडी सांध्याकडे जाणारी. अशा वेळी गाठ छोटी आहे, वरवर आहे, लक्षणं तंतोतंत जुळतायत, तर तिथेच थांबावं, प्रत्येक लायपोमाचा एमआरआय करत सुटायचं काही कारण नाही आणि जे तसं करतात त्यांच्याशी माझं भांडण आहे. पण सोनोग्राफीत नक्की काय ते जुळत नसेल, गाठ खोल असेल, तिचं खालचं टोकच प्रोबमध्ये मावत नसेल, तर 'लायपोमा असावा' असं लिहून मोकळं व्हायचं नाही, पुढे पाठवायचं.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, ठेच खाल्लीय म्हणून सांगतोय. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एक विशीतली मुलगी आली होती, गुडघ्याच्या मागे लिंबाएवढी गाठ, दुखत नव्हती, वर्षभर तशीच आहे म्हणाली. सोनोग्राफीत काळी दिसली, कडा गुळगुळीत, मागे उजेड पडलेला. पाण्याच्या मागे उजेड पडतो हे आम्ही पहिल्या वर्षाला शिकतो. गुडघ्यामागची पाण्याची गाठ म्हणजे बेकर्स सिस्ट, लिहिलं आणि मोकळा झालो, डॉपलर लावलाच नाही कारण बाहेर रांग होती. आता बेकर्स सिस्ट म्हणायचं तर तिची मान दाखवावी लागते, पोटरीचा आतला स्नायू आणि मांडीकडून येणारी एक कंडरा यांच्या मधल्या फटीतून ती सांध्याकडे जाताना दिसली पाहिजे, ती मान नसेल तर ती बेकर्स सिस्ट नाही, मग काय आहे ते शोधा. मी मान शोधली नव्हती. सात-आठ महिन्यांनी तिचा एमआरआय झाला दुसरीकडे आणि ती गाठ भरीव निघाली. सायनोव्हियल सार्कोमा.

या आजाराचं नावच फसवं आहे. सायनोव्हियल म्हणजे सांध्याच्या पडद्याचा असं वाटतं पण तो त्या पडद्यातून येत नाही आणि सांध्याच्या आतही क्वचितच असतो, सांध्याच्या आसपास असतो एवढंच. तरुण वयात येतो, हळूहळू वाढतो, वर्षानुवर्षं लहानच राहू शकतो, कडा छान गुळगुळीत असतात. म्हणजे साध्या गाठीची जी जी लक्षणं आपण पाठ केलेली असतात ती सगळी अंगावर घालून येतो. आणि मागे उजेड पडतो तो फक्त पाण्याच्या मागे नाही तर एकसारख्या पेशी असलेल्या भरीव गाठीच्या मागेही पडू शकतो, हे पुस्तकात लिहिलेलं होतं, मी वाचलेलंही होतं. असो. त्यानंतर आजतागायत एकही काळी गाठ मी डॉपलर न लावता सोडलेली नाही.

गुळगुळीत कडांवरून आठवलं, लेखात एक वाक्य होतं की कॅन्सरच्या गाठीच्या कडा वेड्यावाकड्या असतात आणि साध्या गाठीच्या गोल. स्तनाच्या गाठींमध्ये हा नियम बऱ्यापैकी चालतो म्हणून लोक तो इथेही लावतात, पण सॉफ्ट टिश्यूमध्ये तो उलटा पडू शकतो. सार्कोमा आजूबाजूच्या स्नायूला ढकलत ढकलत वाढतो, त्या दाबाने भोवती एक खोटं आवरण तयार होतं, फोटोत बघितलं तर जणू कुणी कंपासने गोल काढलाय. सर्जनलाही ऑपरेशनमध्ये वाटतं की वा, काय अलगद सुटून आली गाठ! पण त्या खोट्या आवरणातच आणि त्याच्या बाहेरही कॅन्सरच्या पेशी असतात, त्या मागे राहतात. आणि इकडे नोड्युलर फॅसायटिस नावाची एक गाठ आहे, दोन-तीन आठवड्यांत भसाभस वाढते, फोटोत भयानक दिसते, सूक्ष्मदर्शकाखालीही पेशी धडाधड विभागताना दिसतात, आणि असते पूर्ण निरुपद्रवी, कित्येकदा आपली आपण जिरून जाते. डेस्मॉइड म्हणून तिसरीच एक तऱ्हा, ती स्नायूत मुळं पसरल्यासारखी घुसते, काढली तर परत येते, पण शरीरात दुसरीकडे कुठेही पसरत नाही. तिला साधी म्हणायचं की वाईट? म्हणून आमच्याकडे मधला एक कप्पाच आहे अशा गाठींसाठी, आणि 'साधी की कॅन्सरची' या प्रश्नाला दोनच उत्तरं असतात हा समज तिथेच मोडतो.

साधा एक्स-रे आता कुणालाच नको असतो, पेशंटलाही नाही आणि आमच्या नव्या पोरांनाही नाही. रोन्टजेनने १८९५ मध्ये शोधलेली गोष्ट, जुनी झाली म्हणे. मग हे ऐका. एका शाळकरी मुलाच्या मांडीत गाठ आली, गरम, कडक, प्रचंड दुखणारी. एमआरआयमध्ये सगळा स्नायू सुजलेला, पांढरा पेटल्यासारखा, मध्ये एक वेडीवाकडी गाठ, आईवडिलांना कुणीतरी सार्कोमा हा शब्द आधीच ऐकवलेला. खेळताना तीन-चार आठवड्यांपूर्वी मांडीवर जोरात गुडघा बसला होता हे त्याला विचारल्यावर कळलं, कागदावर कुठेच नव्हतं. साधा एक्स-रे काढला, त्यात गाठीच्या कडेला पुसट पांढरी रेघ दिसायला लागली होती, आणि सीटीमध्ये तर स्पष्ट कडं दिसलं. मुक्या मारामुळे स्नायूत हाड तयार होतं कधीकधी, मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात, त्यात हाड बाहेरून आत पक्कं होत जातं, कडेला आधी आणि मध्ये शेवटी, आणि हाड तयार करणाऱ्या कॅन्सरमध्ये साधारण याच्या उलट, दाट भाग मध्ये असतो. दोन आठवडे थांबून परत एक्स-रे केला, कडं आणखी पक्कं झालं होतं. या मुलाची घाईघाईने मधल्या भागाची बायोप्सी झाली असती तर तिथल्या कच्च्या पेशी बघून चांगला पॅथॉलॉजिस्टही फसू शकला असता, असं झालेलं आहे पूर्वी. इथे सुईने नुकसान केलं असतं आणि सगळ्यात स्वस्तातल्या, सगळ्यात जुन्या फोटोने वाचवलं. रक्तवाहिन्यांच्या गाठीत बारीक गोल खडे दिसतात तेही एक्स-रेमध्येच पटकन कळतात. उलट सायनोव्हियल सार्कोमामध्येही बऱ्याच वेळा चुन्याचे ठिपके असतात, म्हणजे चुना दिसला की साधं असंही नाही.

आता येतो एमआरआयवर. यात किरणोत्सर्ग नसतो, चुंबक आणि रेडिओ लहरींचा खेळ असतो, आणि याची खरी ताकद म्हणजे एकाच गाठीचे वेगवेगळ्या चष्म्यातून फोटो काढता येतात. एका चष्म्यात, ज्याला टी-वन म्हणतात, चरबी पांढरी आणि पाणी काळं. दुसऱ्यात, टी-टूमध्ये, पाणी पांढरंशुभ्र. मग एक युक्ती असते, चरबीचा सिग्नल मुद्दाम बंद करायचा. गाठ जर सगळ्या फोटोंमध्ये कातडीखालच्या चरबीसारखीच वागली, चरबी बंद केल्यावर तीही तशीच काळी पडली आणि आत दुसरं काहीच उरलं नाही, तर ती चरबीची साधी गाठ, आणि इथे मी छातीठोकपणे लिहितो, बायोप्सी नको. हे एमआरआयचं सगळ्यात भरवशाचं काम. जुनं रक्तही टी-वनमध्ये पांढरं दिसतं पण चरबी बंद केली तरी ते पांढरंच राहतं, तिथे ते उघडं पडतं.

पण चरबीतही एक मेख आहे. गाठ १० सेंटीमीटरच्या पुढे गेलेली, आत २ मिलिमीटरपेक्षा जाड पडदे, किंवा चरबी नसलेले गोळे दिसले, की मी लायपोमा लिहायचा थांबतो. त्याला हातापायात असेल तर ॲटिपिकल लायपोमॅटस ट्यूमर म्हणतात आणि तेच पोटात मागच्या बाजूला असेल तर वेल डिफरन्शिएटेड लायपोसार्कोमा. पेशी तीच, नावं दोन! कारण पायातली पूर्ण काढता येते, पोटाच्या मागची मूत्रपिंडं, आतडी, मोठ्या रक्तवाहिन्या यांच्यात अशी पसरलेली असते की पूर्ण निघेलच असं नाही, मग परत परत येते आणि कधीतरी जात बदलून भयंकर होते. आता साधा लायपोमाही मार लागून आतून थोडा खराब झाला की तसाच दिसतो. दोघांमधला निवाडा फोटोत होत नाही, पेशीत एमडीएम-टू नावाच्या जीनच्या प्रती वाढल्यात का ते बघून होतो. तर बघा, ज्या चरबीवर माझा सगळ्यात जास्त भरवसा तिथेही शेवटी तुकडा लागतोच कधीकधी.

दुसरी फसवी जात म्हणजे पाण्यासारख्या दिसणाऱ्या गाठी. स्नायूतला मिक्सोमा साधा, मिक्सॉइड लायपोसार्कोमा कॅन्सर, आणि दोन्ही टी-टूमध्ये पाण्याने भरलेल्या फुग्यासारखे. म्हणून आम्ही गॅडोलिनियमचं इंजेक्शन देतो, ज्याला पेशंट 'डाय' म्हणतात. पाणी असेल तर फक्त भिंत उजळते, आत काही होत नाही, भरीव असेल तर आतून उजळते. लोक या इंजेक्शनला उगाच घाबरतात, मूत्रपिंड फार खराब असेल तर जपावं लागतं हे खरं आणि म्हणूनच आम्ही आधी विचारतो, पण 'बिना डाय करून टाका' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की सिस्ट आणि सिस्टसारखा दिसणारा कॅन्सर यांच्यातला फरक त्या डायवरच कळतो. त्या मिक्सॉइड लायपोसार्कोमाची अजून एक खोड म्हणजे तो फुप्फुस सोडून पाठीच्या मणक्यात, शरीरातल्या दुसऱ्या चरबीत जाऊन बसतो, त्यामुळे त्यात फक्त छातीचा सीटी करून भागत नाही, मणक्याचाही एमआरआय लागतो.

काही गाठी मात्र बघताक्षणी ओळखू येतात आणि तेव्हा आमचाही दिवस चांगला जातो. वयस्कर माणसाच्या खांद्याच्या फऱ्याखाली, दोन्ही बाजूंना, स्नायूसारख्या दिसणाऱ्या तंतूंचे आणि चरबीचे पट्टे असलेली गाठ म्हणजे इलास्टोफायब्रोमा, सोडून द्या. सांध्याच्या पडद्याची एक गाठ असते जिच्यात जुन्या रक्ताचं लोह साठतं, ते एका खास फोटोत काळं काळं फुलून येतं. नसेची गाठ दोन्ही टोकांना निमुळती असते, एका टोकाने नस आत शिरताना आणि दुसऱ्याने बाहेर पडताना दिसते. ज्यांना जन्मापासून न्यूरोफायब्रोमॅटोसिस असतो त्यांच्या अंगावर अशा गाठी भरपूर असतात, त्यातली एखादी अचानक दुखायला लागली, कडक झाली किंवा वेगाने वाढली तर ती बिघडलेली असू शकते, तिथे पेट स्कॅन कामाला येतो, कुठली गाठ जास्त साखर खातेय ते दिसतं आणि सुई नेमकी तिथे घालता येते.

पण बाकीच्यांनी उठसूट पेट स्कॅन मागू नये. नसेची साधी गाठही भरपूर साखर खाते आणि काही सार्कोमा फारच कमी खातात. डिफ्यूजन नावाचा एमआरआयचा प्रकार आहे, पेशी किती दाटीने बसल्यात ते सांगतो, तोही चांगला आहे, पण पाण्यासारख्या कॅन्सरमध्ये पेशी विरळ असतात आणि आकडा साध्या गाठीसारखा येतो. आणि एआय, ज्यावर तुमच्या लेखात अर्धा रकाना खर्च झालाय! मी एआयच्या विरोधात नाही, वापरतो मी काही कामांना. पण प्रत्येक प्रकारचे फोटो मुळात थोडे, प्रत्येक मशीनचे फोटो वेगळे, आणि ज्या आजारात तज्ज्ञ माणसालाही पेशी बघितल्याशिवाय सांगता येत नाही कारण फोटोत तो फरक बऱ्याचदा उमटलेलाच नसतो, तिथे कॉम्प्युटर तरी कुठून आणणार तो. हल्ली पेशंट माझा रिपोर्ट चॅटबॉटला विचारून येतात. विचारा, पण त्याला फोटो दिसलेले नसतात, माझी वाक्यंच तो गोड करून परत देतो.

रक्ताच्या गाठीचंही सांगायला हवं. 'इथे मार लागला होता डॉक्टर' असं दहातले पाच जण सांगतात, आणि मार लागला म्हणून गाठ आली असं आपण धरून चालतो, पण पुष्कळदा गाठ आधीपासून असते, मार लागल्यामुळे हात तिथे गेला इतकंच. सार्कोमाच्या आत रक्तस्राव झाला तर तो हुबेहूब रक्ताच्या गाठीसारखा दिसतो. रक्त पातळ करायची गोळी चालू नाही, मार किरकोळ, काळानिळा डाग पडला नाही, आणि तरी एवढी मोठी 'रक्ताची गाठ'? तिथे मी अडतो. खरी रक्ताची गाठ आठवड्यांत लहान होत जाते, म्हणून लहान होईपर्यंत परत परत बघायचं. पेशंटला बरं वाटलं म्हणून तिसऱ्या भेटीला येत नाही, आणि मग सहा महिन्यांनी येतो.

तर एवढं सगळं झाल्यावर बऱ्याच रिपोर्टांच्या शेवटी आम्ही लिहितो 'इनडिटरमिनेट, सजेस्ट बायोप्सी', आणि लोक चिडतात, की एवढ्या मोठ्या मशीनमध्ये झोपवलं, अर्धा तास खडखडाट ऐकवला, आणि शेवटी म्हणता नक्की नाही. चिडणं समजू शकतो. पण त्या एमआरआयने गाठ केवढी, कुठल्या स्नायूत, मोठी रक्तवाहिनी आणि नस किती लांब, हाडाला लागलीय का, आणि गाठीचा कुठला भाग जिवंत आहे नि कुठला आतून सडलाय हे सगळं सांगितलेलं असतं. सडलेल्या भागात सुई घातली तर तुकड्यात काहीच सापडत नाही आणि 'कॅन्सर नाही' असा खोटा दिलासा मिळतो. नकाशा तयार झाल्याशिवाय सुई घालायची नाही ती यासाठी. आणि बायोप्सी आधी करून नंतर एमआरआयला पाठवलं तर रक्त नि सूज यामुळे सगळा फोटोच बिघडलेला असतो, मग मला सांगा मी काय वाचू.

सुई टोचल्याने कॅन्सर पसरतो ही भीती तर प्रत्येक घरात आहे. जाड सुईने, सोनोग्राफीत किंवा सीटीत बघत, नीट ठरवलेल्या वाटेने तुकडा घेतला तर हा धोका फारच थोडा असतो, आणि ती वाटही अशी निवडतात की पुढच्या ऑपरेशनमध्ये ती गाठीबरोबरच काढून टाकता यावी. म्हणून सुई कुठून घालायची हे शेवटी ऑपरेशन करणाऱ्या सर्जनने ठरवायचं, मी एकट्याने माझ्या सोयीने नाही. खरा धोका आहे तो 'छोटीशीच तर आहे, काढून टाकू' म्हणून फोटोबिटो न काढता केलेल्या ऑपरेशनमध्ये. आमच्यात त्याला 'ऊप्स' ऑपरेशन म्हणतात, म्हणजे गाठ काढली, रिपोर्ट सार्कोमा आला, आणि सर्जनच्या तोंडून 'अरेच्चा' निघालं. मग आडवा छेद घेतलेला असतो, रक्त सगळीकडे पसरलेलं असतं, आणि पुढच्या सर्जनला ते सगळं क्षेत्र परत उघडून मोठा भाग काढावा लागतो. हेन्री मँकिन नावाच्या अमेरिकन सर्जनने १९८२ मध्ये आणि परत १९९६ मध्ये बायोप्सीतल्या चुकांचा हिशेब मांडला होता. दुसऱ्या वेळी हाडाच्या आणि सॉफ्ट टिश्यूच्या गाठी मिळून जवळपास ६०० पेशंट होते, त्यातल्या १८ जणांचा अवयव विनाकारण कापावा लागला, आणि जिथे पुढचे उपचार होणार होते तिथे बायोप्सी न करता आधीच दुसरीकडे उरकून घेतली होती त्यांच्यात चुका आणि गुंतागुंत २ ते १२ पट जास्त होती. चौदा वर्षांत परिस्थिती सुधारली नव्हती हे त्यातलं सगळ्यात वाईट.

थोडं आमच्याच लोकांबद्दल बोलतो, नाव कुणाचंच घेत नाही. माझ्याकडे ज्या चिठ्ठ्या येतात त्यात लिहिलेलं असतं 'मांडीत गाठ, एमआरआय'. बास. कधीपासून, वाढतेय का, आधी ऑपरेशन झालंय का, मार लागला होता का, काहीही नाही. मग मी पेशंटला कपडे बदलायला जाण्याआधी गाठून विचारतो, आणि तिथे दोन मिनिटांत कळलेल्या गोष्टीने कितीतरी वेळा रिपोर्टच बदललाय, त्या मांडीवर गुडघा बसलेल्या मुलासारखा. पेशंटने निदान एवढं करावं की जुने फोटो, जुने रिपोर्ट, आणि गाठ आधी काढली असेल तर तिचा पॅथॉलॉजीचा कागद पिशवीत घालून आणावा, फक्त मोबाईलवर रिपोर्टच्या शेवटच्या पानाचा फोटो आणून भागत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या फोटोत गाठ तेवढीच होती हे दिसलं तरी मला केवढा तरी आधार होतो, पूर्ण निश्चिंत नाही होत, वर सांगितलेल्या मुलीमुळे, पण आधार होतो. आणि पॅथॉलॉजिस्टनेही तुकडा बघताना माझे फोटो बघावेत, मी त्याचा तुकड्याचा रिपोर्ट बघावा, दोन्ही जुळत नसतील तर एकमेकांना फोन करावा. मी लिहिलं १५ सेंटीमीटरची खोल भरीव गाठ आणि तुकड्यात आली नुसती चरबी, तर कुणीतरी चुकलंय, बहुतेक सुई शेजारच्या चरबीतून फिरून आलीय, तिथे 'साधी गाठ' म्हणून फाईल बंद करायची नसते, परत तुकडा घ्यायचा असतो.

तुमच्याकडे मागणं एवढंच की त्या लेखाला दुरुस्ती छापा. 'चरबीच्या आणि पाण्याच्या बऱ्याच गाठी सुईशिवाय ओळखता येतात, बाकीच्यांना बायोप्सी लागते' असं छापलं तरी पुरे, मथळा म्हणून आकर्षक नाही दिसणार याची मला कल्पना आहे.

आपला,
एक रेडिओलॉजिस्ट वाचक

ता. क. पत्र लांबलंय, जागेसाठी कापावं लागलं तर रोन्टजेनचं वाक्य कापा, एआयचंही कापा हवं तर, गुडघ्यामागच्या गाठीचा परिच्छेद मात्र तसाच ठेवा.